डिसेंबरचा जन्म : जूनमध्ये पहिलीत घालावं की एक वर्ष थांबावं?

मृद्गंधा_पुणे

नमस्कार मंडळी. घरात तीन आठवडे हाच विषय चालू आहे आणि आता जेवतानासुद्धा त्यावरून आवाज चढायला लागलेत, म्हणून इथे लिहिते आहे.

लेकीचा जन्म १२ डिसेंबर २०२०. सध्या सिनियर केजीत आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो, त्यामुळे जून २०२६ ला ती पात्र आहे. म्हणजे शाळा सुरू होईल तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांची. वर्गातली बरीच मुलं तिच्याहून आठ-दहा महिन्यांनी मोठी असणार.

शिकण्याचं म्हणाल तर काही अडत नाही. दुकानांच्या पाट्या वाचते, शंभरपर्यंत मोजते, गोष्ट ऐकली की दुसऱ्या दिवशी आजीला तिच्या शब्दांत सांगते. पण शाळेत तिला शू लागली तर ती बाईंना सांगत नाही. घरी येईपर्यंत धरून ठेवते. व्हॅनमधून उतरली की दप्तर टाकून आधी बाथरूमकडे पळते. डबाही बरेचदा तसाच परत येतो, कारण झाकण घट्ट बसलं होतं आणि कुणाला उघडून दे म्हणायचं धाडस झालं नाही. दुपारी तीनला अजून झोपते, झोपली नाही तर संध्याकाळ रडण्यात जाते.

केजीत २२ मुलं, एक बाई आणि एक मावशी. पहिलीत एका वर्गात ४२ मुलं आणि एकच बाई.

नवऱ्याचं म्हणणं, हुशार मुलीचं वर्ष कशाला वाया घालवायचं. सासूबाई म्हणतात, लेकराला जरा खेळू द्या. माझी आई म्हणते, तू पाच वर्षांचीच होतीस, तुझं काय बिघडलं? शाळेला पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया खरं काय झालं ते सांगा.

दुपारची_सावली

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बऱ्याच पालकांचा इथे घोळ होतो. ३१ डिसेंबर ही किमान वयाची तारीख आहे. आपल्याकडे पूर्वी ३० सप्टेंबर होती, २०२० मध्ये ती पुढे नेली. तुमची मुलगी बसू शकते एवढाच त्याचा अर्थ, बसवायलाच हवी असा नाही. शिक्षण हक्क कायदासुद्धा सहा वर्षांपासून चौदापर्यंतचा आहे, आणि ती जूनमध्ये सहाची नसणारच आहे. एक वर्ष थांबलात तर जून २०२७ ला ती साडेसहाची असेल. त्यात नियमाला काहीच बाधा येत नाही.

फक्त शाळेला स्पष्ट विचारा की सिनियर केजीत पुन्हा बसवतील का. काही शाळा जागा नाही म्हणतात.

माणदेशी_गुरुजी

ताई, माझी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली निम्मी पहिलीच्या वर्गावर. म्हणून थोडं लांबण लावतो, राग मानू नका.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावात जन्माचे दाखले फारसे नसत. आई सांगायची, "दुष्काळाच्या साली झाला" किंवा "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." मग जुने गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की नाव घातलं. तारखेच्या रकान्यात १ जून. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा काढून बघा, एक तरी १ जून सापडेल.

ही कानाची परीक्षा मला पुढे कळली तेव्हा तिच्याबद्दल आदरच वाटला. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथाई असतं आणि हात आखूड. तीन वर्षांच्या पोराचा हात टाळूच्या पलीकडे जेमतेम पोचतो. सहा-सातच्या सुमाराला हातपाय लांब होतात आणि कान हाती येतो. त्याच सुमाराला दुधाचे दात हलायला लागतात. म्हणजे त्या गुरुजींनी पोराला अक्षर येतं का हे विचारलंच नव्हतं, शरीर कुठवर आलंय ते पाहिलं होतं. आज आपण उलटं करतो. पोराला रंगांची नावं इंग्रजीत विचारतो आणि त्याला चपलेचा पट्टा लावता येतो का ते बघत नाही.

आमच्या शाळांत २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. सात टेबलं मांडलेली असतात. एकावर पोरगं दोरीवर चालतं, चेंडू झेलतं. एकावर वस्तूंचे गट करतं. एकावर चित्र बघून बोलतं. एकावर स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल सांगतं. आईच्या हातात पत्रक देतात, त्यात घरातल्याच डाळी, वाट्या, बाटल्यांची झाकणं घेऊन काय करायचं ते असतं. मी निवृत्तीनंतरही जातो मदतीला. तिथे मी नेहमी सामाजिक-भावनिक विकासाच्या टेबलाजवळ उभा राहतो. माझ्या अनुभवात वाचता न येणारं पोरगं दिवाळीपर्यंत वाचायला लागतं. पण ज्याला "मला येत नाही, सांगा" असं म्हणता येत नाही, ते वर्षभर मागच्या रांगेत गप्प बसतं आणि आम्हा शिक्षकांना वाटतं की ते शहाणं आहे.

तुमच्या लेकीचं ते शूचं वाचून मला तीच पोरं आठवली.

नोव्हेंबरची_आई

गुरुजींचं शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा तोच, मागच्या रांगेतला.

नोव्हेंबरचा जन्म. आम्ही घातलं पहिलीत, शाळेनेच आग्रह केला होता. पहिली बरी गेली. दुसरीत हस्ताक्षरावरून रोज वहीत लाल शेरा. तिसरीत तो म्हणायला लागला, "मला काही येत नाही, मी ढ आहे." मैदानावर तर विचारूच नका, संघ पाडताना सगळ्यात शेवटी त्याचं नाव. तो नापास कधीच झाला नाही, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. शाळेने लक्ष लागत नाही म्हणून समुपदेशकाकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, जन्म कधीचा?

आता सातवीत आहे, सावरलाय. पण "मी ढ आहे" हे जे आत बसलं ते अजून अधूनमधून वर येतं. मला ते एक वर्ष परत मिळालं तर मी लगेच घेईन.

बालरोग_पंचवटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. दर वर्षी जानेवारी ते एप्रिल हा प्रश्न घेऊन पालक येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हाताचं आधी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चा असतात, एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. मग एकेक करून हाड बनत जातं, शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीत पानभर अक्षरं काढून घेणं हे त्या हाताला न पेलणारं काम आहे. चित्र उतरवण्याचाही एक क्रम असतो. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकची खूण चौथ्या, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचव्या. आपल्या देवनागरीत गाठ, वळण, काना, वर शिरोरेघ. 'क्ष' किंवा 'ज्ञ' काढायला हे सगळं एकत्र लागतं. मुलगी त्रिकोण टोकदार काढते का आणि कात्रीने सरळ रेघेवर कापते का, बघा. घरी कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, कपड्यांना चिमटे लावू द्या. पेन्सिल धरणारी बोटं त्याने तयार होतात.

दुसरं, शू धरून ठेवणं हलक्यात घेऊ नका. लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही त्यातून होतात, आणि मुलं म्हणूनच पाणीही कमी पिऊ लागतात. तुम्ही पहिलीत घाला किंवा थांबा, हे आजच हाती घ्यायचं काम आहे. बाईंना भेटा, ठरलेल्या वेळी सगळ्यांनाच पाठवायला सांगा म्हणजे तिला एकटीला उठून सांगावं लागणार नाही.

तिसरं, पहिलीच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ज्या मुलाला कधी नीट दिसलंच नाही ते फळा दिसत नाही अशी तक्रार करत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं.

आणि नोव्हेंबरच्या आई, तुमचा अनुभव एकट्याचा नाही. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर 'चंचल', 'लक्ष देत नाही' हा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसून आलंय. वय कमी असल्याने जे होतं त्याला आजार समजलं जातं. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. अभ्यासातला हा फरक पहिल्या दोन-तीन वर्षांत ठळक असतो, पुढे कमी होत जातो. साडेपाचची सगळीच मुलं मागे राहतात असं अजिबात नाही.

रानजाई

मी थांबले होते, आणि मला ते पूर्ण योग्य वाटत नाही. म्हणून लिहिते, कारण या धाग्यावर सगळे थांबा-थांबाच म्हणतायत.

मुलीला त्याच शाळेत, त्याच केजीच्या वर्गात दुसऱ्यांदा बसवलं. जूनमध्ये तिच्या सगळ्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर गेल्या. ही खाली, त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. मधल्या सुट्टीत त्या भेटायच्या आणि विचारायच्या, तू नापास झालीस का? ती घरी येऊन विचारायची, "आई, मी नापास झाले का?" पाच वर्षांच्या मुलीला मी कटऑफ काय समजावणार? शिवाय तीच गाणी, त्याच गोष्टी. ऑगस्टपासून ती वर्गात कंटाळून दुसऱ्यांच्या खोड्या काढायला लागली.

थांबायचंच असेल तर त्या वर्षात मुलीला काय मिळणार आहे ते आधी ठरवा.

मृद्गंधा_पुणे

रानजाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची शेजारची जिवलग मैत्रीण ऑगस्टची आहे, ती जाणारच पहिलीत. मनापासून आभार.

डॉक्टर, बाईंशी आज बोलले. त्या म्हणाल्या, ती कधीच त्रास देत नाही हो, फार गुणी आहे. गुरुजींचं वाक्य आठवून पोटात कालवलं.

सह्यवारा७२

मला वाटतं आपण मुलांना फार जपतोय. आम्ही सहा भावंडं, थोरल्याचं बोट धरून धाकटा शाळेत जायचा, चौथ्या वर्षीपण बसायचा. कुणी तयारी वगैरे बघितली नाही. सगळे शिकलो, सगळे पोटापाण्याला लागलो. पाण्यात पडलं की पोहता येतं.

माणदेशी_गुरुजी

सह्यवारा, तुम्ही म्हणता ते मी वर्गात पाहिलंय. पण तो चार वर्षांचा धाकटा भावाच्या मांडीला मांडी लावून बसायचा. झोप आली तर तिथेच आडवा व्हायचा, कंटाळा आला तर घरी पळायचा. हजेरीपटावर त्याचं नाव नसे. त्याच्याकडून कुणी काही मागत नव्हतं. आता साडेपाचच्या मुलीला गृहपाठ असतो, चाचणी असते. आणि पोहण्याचं म्हणाल तर आमच्याकडे विहिरीत पोराला पाठीला भोपळा बांधून सोडतात.

बीडची_लेक

सगळं वाचतेय. माझी आई २६ वर्षं अंगणवाडी सेविका होती, त्यामुळे मला एक वेगळी बाजू मांडायचीय.

आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती उन्हाळ्यातच परततात. त्या घरांत 'एक वर्ष थांबू' याचा अर्थ लेकरू फडावर, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ, नाहीतर मागे म्हाताऱ्या आजीपाशी. तिथे साडेपाचच्या लेकराला शाळेत घातलं तर त्याला सावली, गरम जेवण आणि कुणाची तरी नजर मिळते. आई स्वतः घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. काहींना कडेवर घेऊन यायची.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांच्यापुढे हेच होतं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात न्यायची. मूल शाळेसाठी तयार आहे का, हे विचारण्याआधी शाळा त्या मुलासाठी तयार आहे का, हे त्यांनी विचारलं.

मृद्गंधाताई, तुमची परिस्थिती वेगळी आहे, मान्य. पण हाच प्रश्न तुमच्या शाळेलाही विचारा. ४२ मुलांत एक बाई असेल तर माझ्या मते तयारी शाळेची कमी आहे, तुमच्या लेकीची नाही.

इसारकाठी

जर्मनीतल्या म्युनिकहून लिहितेय. इथल्या बायर्न राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण होणारी मुलं त्या सप्टेंबरमध्ये पहिलीत जातात. १ जुलै ते ३० सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण होत असतील तर निर्णय आईवडिलांचा, एप्रिलमध्ये शाळेला लेखी कळवायचं. २०१९ पासून अशी सोय आहे. आरोग्य खात्याकडून त्याआधी तपासणी होते : नजर, ऐकणं, बोलणं, एका पायावर उड्या.

माझा मुलगा २० ऑगस्टचा. आम्ही थांबवला. पण इथे ते सोपं गेलं, त्याचं कारण किंडरगार्टन. तिथे तीन ते सहाची मुलं एकाच गटात असतात, वर्ग नसतातच. त्यामुळे कुणी 'मागे राहिला' असं दिसत नाही. पावसातसुद्धा बागेत चिखल करतात. अक्षरं कुणी शिकवत नाही. त्या जास्तीच्या वर्षात तो गटातला मोठा झाला, लहानांना बूट घालून द्यायला लागला, आणि मी त्याला बदलताना पाहिलं. पहिल्या दिवशी इथे मुलांच्या हातात खाऊ-पेन्सिलींनी भरलेला भलामोठा कागदी शंकू देतात. तो त्याच्याएवढाच उंच होता, पण त्याने तो कुणाला धरू दिला नाही.

रानजाईंच्या मुलीचं झालं ते वाईट वाटलं. मिश्र वयाचा गट असलेली बालवाडी पुण्यात नक्की मिळेल, शोधा.

तुंगभद्रा

बदलीची नोकरी असेल तर हेही बघा. आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो. कर्नाटकात १ जूनला सहा पूर्ण लागतात. २०२५-२६ ला साडेपाचच्या आसपास सवलत दिली होती, पण ती त्या वर्षापुरती. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण. महाराष्ट्रात डिसेंबरच्या जन्मावर पहिली करून आलेलं मूल दुसऱ्या राज्यात वर्गात सगळ्यांहून लहान ठरतं. आमच्या मुलाची दाखल्यावरून पहिलीच्या वेळी फार धावपळ झाली.

मृद्गंधा_पुणे

तुंगभद्रा, नवऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होऊ शकते. त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. पहिल्यांदाच त्याने "बघूया" म्हटलं.

बाकीचं : काल शाळेत जाऊन पहिलीचा वर्ग पाहिला, परवानगी काढून. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर आहे, बालवाटिकेची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी सलग, सगळं खेळातून. कागदावर खूप सुंदर आहे. प्रत्यक्षात मुलं ओळीने बाकांवर, फळ्यावरून पाच ओळी उतरवत होती. एक मुलगा दोनदा हात वर करून थांबला, बाईंना दिसलाच नाही. त्यांचाही दोष नाही, त्या एकट्या किती जणांकडे बघणार. मी त्या मुलाच्या जागी लेकीला ठेवून पाहिलं. ती हातच वर करणार नाही.

नोव्हेंबरची_आई

तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं असं मला वाटतं.

बालरोग_पंचवटी

वर्ग जाऊन बघितलात हे फार बरं केलंत. मी पालकांना हेच सांगतो आणि दहातला एखादाच जातो. आणखी एक, २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ नंतर भरवायला सांगितलंय. तुमच्या शाळेची वेळ काय आहे? दुपारी झोपणारं मूल सकाळी सातला व्हॅनमध्ये बसत असेल तर त्याचं अर्ध रडणं अपुऱ्या झोपेचं असतं.

मृद्गंधा_पुणे

आज ९ तारीख. शाळेला जूनचा प्रवेश नको असं कळवलं. पण तिथेच केजीत पुन्हा बसवत नाही आहोत. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक मराठी बालवाडी आहे, साडेतीन ते सहाची मुलं एकत्र, १८ जणांचा गट, दोन ताई. सकाळी साडेनऊला भरते. अंगणात वाळूचा हौद आहे आणि मुलं स्वतःची ताटली स्वतः धुतात. पुढच्या जूनला पहिलीसाठी कुठे जायचं ते वर्षभरात शोधू, पटसंख्या बघूनच.

माझ्या आईला अजून पटलेलं नाही. नवरा म्हणतो, बदली झालीच तर हे सोयीचं पडेल. मला त्याचं कारण वेगळं असलं तरी चालेल.

रानजाई, शेजारच्या मैत्रिणीचं काय सांगू तिला?

रानजाई

इतर कुणी सांगायच्या आत तुम्हीच सांगा. आणि 'अजून लहान आहेस' असं म्हणू नका, ते तिला लागेल. ती नव्या शाळेत जाणार आहे, मैत्रीण तिच्या नव्या शाळेत. दोघींच्या शाळा बदलतायत, एवढंच. संध्याकाळचं एकत्र खेळणं मात्र एकही दिवस चुकवू नका, निदान दिवाळीपर्यंत.

माणदेशी_गुरुजी

जूनच्या आधी चार-पाचदा तिला त्या बालवाडीत नुसती घेऊन जा. बाथरूम कुठे, पाण्याचा माठ कुठे, चपला कुठे काढायच्या ते दाखवा. आणि त्या ताईंना नावाने हाक मारायला शिकवा. ज्याचं नाव माहीत आहे त्याच्याकडे काही मागणं सोपं जातं.

मृद्गंधा_पुणे

हो गुरुजी. शनिवारी पहिल्यांदा गेलो होतो. वाळूत अर्धा तास होती. मग माझ्याकडे येऊन कानात म्हणाली, शू लागली. मी म्हटलं, त्या ताई आहेत ना, त्यांना सांग. बराच वेळ माझी ओढणी धरून उभी राहिली. शेवटी आम्ही दोघी मिळून गेलो आणि तिने सांगितलं, अगदी हळू, पण तिनेच. डब्याचं झाकणही बदललंय, आता ते तिला उघडतं.

बीडची_लेक

ताई, त्या बालवाडीत एखादी जागा अजून असेल तर मला कळवाल का? तुमच्याच भागात भाचा राहतो, २८ डिसेंबरचा आहे. वहिनी गेले आठ दिवस हा धागा वाचतेय, पण तिला इथे लिहायचा संकोच वाटतो.

मृद्गंधा_पुणे

दोन जागा आहेत म्हणाल्या. व्यक्तिगत निरोप केलाय. वहिनींना म्हणावं, सोमवारी सकाळी आम्ही जाणारच आहोत, सोबत या.